नार्कोलेप्सी असलेली पाचवीतली मुलगी: शाळेत आणि घरी नेमकं काय बदलायचं?

शाळासोबती:

नमस्कार मंडळी. मी शाळेत समुपदेशक आहे. पालकांना विचारून आणि ओळख पटणार नाही इतपतच लिहितेय.

मुलगी १० वर्षांची, पाचवीत. टाइप १ नार्कोलेप्सीचं निदान झालंय, म्हणजे दिवसा अनावर झोप आणि सोबत कॅटाप्लेक्सी (शुद्धीत असताना स्नायू अचानक सैल पडणं). रात्रीची स्लीप स्टडी आणि दुसऱ्या दिवशीची एमएसएलटी (दिवसा झोप किती लवकर लागते ते मोजणारी चाचणी), दोन्ही झाल्या आहेत. सकाळी मोडाफिनिल ही जाग वाढवणारी गोळी चालू आहे. निदानाच्या आधी मिरगी समजून ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) झाला, तो नॉर्मल आला. मग 'लक्ष वेधून घ्यायला करते' असं ठरलं. त्याच काळात वजनही झपाट्याने वाढलं.

औषधाने फरक आहे, पण तिसऱ्या तासाला डोकं बाकावर टेकतंच. एका बाईंचं म्हणणं, ती जीभ काढून वेडावते. 'झोपली होतीस ना?' विचारलं की 'नाही' म्हणते, त्यामुळे खोटारडी हा शिक्का बसलाय. मैत्रिणींच्या घोळक्यातून ती आपणहून बाजूला झालीय, वाढदिवसांना जात नाही. घरी आजी दृष्ट काढतात, वडिलांचं मत 'शिस्त लागली की सगळं जागेवर येईल', आणि आई रात्र रात्र तिच्या उशाशी बसून असते.

औषधांचा सल्ला नकोय, तो त्यांचे डॉक्टर देतील. शिक्षकांना काय सांगायचं, शाळेत डुलकीची सोय कशी लावायची, मैत्रिणींचं काय करायचं आणि आईवडिलांशी कसं बोलायचं, यावर ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी सांगावं.

---

निशाचर (निद्राविकारांची ओपीडी):

ताई, शिक्षकांच्या बैठकीत व्याख्या सांगण्यात वेळ घालवू नका. त्यांना रोज जे दिसतं त्याचा अर्थ सांगा.

पार्श्वभूमी एवढी पुरे: मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागात हायपोक्रेटिन बनवणाऱ्या पेशींचा एक छोटा गट असतो. जाग स्थिर ठेवणं हे त्यांचं काम. टाइप १ मध्ये या पेशी जवळपास सगळ्या गेलेल्या असतात, बहुधा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने मारलेल्या. २००० साली हे माणसांत दिसून आलं. गेलेल्या पेशी परत येत नाहीत, आणि त्या धाकाने किंवा निश्चयाने तयारही होत नाहीत. मग स्वप्नांच्या झोपेचे, म्हणजे रेम झोपेचे, तुकडे भरदिवसा मध्येच शिरतात. त्या झोपेत सगळ्यांचेच स्नायू सैल पडलेले असतात. तोच सैलपणा जागेपणी आला की कॅटाप्लेक्सी. स्वप्न जागेपणी आलं की भास.

आता ती जीभ. मोठ्यांमध्ये कॅटाप्लेक्सी म्हणजे जोरात हसू आलं आणि गुडघे लटपटले, असं साधारण चित्र असतं. मुलांमध्ये, विशेषतः आजार नवा असताना, तसं दिसत नाही. चेहरा ढिला पडतो, पापण्या अर्ध्या मिटतात, तोंड उघडं राहतं आणि जीभ बाहेर येते. चाल झोकांड्या खाल्ल्यासारखी होते. कधी कधी भुवया आणि ओठ चमत्कारिक हलतात. आणि हे हसू आलेलं नसतानाही होतं. फळ्याकडून वळलेल्या बाईंना ते वेडावल्यासारखं दिसणारच, त्यात त्यांची चूक नाही. पालकांच्या मोबाइलवर एखादा व्हिडिओ असेल तर त्यांच्या आणि मुलीच्या संमतीने शिक्षकांना दाखवा. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओने काम होतं. तो कुणाच्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र जाऊ देऊ नका.

'झोपले नव्हते' हे ती खरंच सांगतेय. झोप काही सेकंदांची असते आणि तिला स्वतःला कळत नाही. तिची वही उघडून बघा. तीन ओळी नीट, चौथी उजवीकडे खाली उतरत गेलेली, शेवटी शब्दांच्या जागी वेडीवाकडी रेघ किंवा विषयाशी संबंध नसलेला शब्द, आणि पुढची ओळ पुन्हा सरळ. हात लिहीत राहिला, मेंदू झोपला. याला ऑटोमॅटिक बिहेवियर म्हणतात. शिक्षकांना हे पान दाखवलंत तर खोटारडेपणाचा मुद्दा तिथेच निकालात निघतो. प्रश्नही बदला. 'झोपलीस का?' याऐवजी 'कुठपर्यंत ऐकलंस?'

आणखी एक. झोप आलेलं मोठं माणूस पेंगतं, मूल बरेचदा उलट वागतं: चुळबुळ, चिडचिड, वर्गभर फिरणं. अनेक मुलांना आधी एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) लेबल लागतं ते यामुळे.

कॅटाप्लेक्सी आली तर काय करायचं हे सगळ्या शिक्षकांना आणि शिपाईमावशींना सारखंच माहीत हवं. मूल शुद्धीवर असतं, सगळं ऐकत असतं. बहुतेक वेळा काही सेकंदांत, फार तर एक-दोन मिनिटांत, आपोआप सावरतं. जिथे आहे तिथे अलगद खाली बसवा किंवा आडवं करा, डोकं आपटणार नाही एवढं बघा आणि हळू आवाजात 'मी इथे आहे' म्हणा. चप्पल-कांदा हुंगवणं, तोंडात चमचा घालणं, तोंडावर पाणी मारणं यातलं काही नको. ओढून उभं करू नका, पाय पुन्हा जातात. आणि ती समोर पडलेली असताना 'अगंबाई, हिचं कसं होणार' अशी चर्चा तर अजिबात नको, तिला शब्दन् शब्द ऐकू येतोय. शुद्ध हरपली, हातपाय झटके देऊ लागले, लागलं किंवा पाच मिनिटांत सावरली नाही, तर मात्र पालकांना फोन आणि डॉक्टर.

औषधाबद्दल एकच सांगतो, कारण शाळेचा गैरसमज होतो. मोडाफिनिल जाग वाढवतं, कॅटाप्लेक्सीवर त्याचा विशेष उपयोग नाही. त्यामुळे 'गोळी चालू आहे तरी पडते, म्हणजे नाटक' हा हिशेब चुकीचा आहे. कॅटाप्लेक्सीसाठी डॉक्टर बरेचदा व्हेनलाफॅक्सिनसारखं, मुळात नैराश्यावरचं, औषध देतात. ते घरच्यांनी मनाने अचानक बंद केलं तर कॅटाप्लेक्सीचे झटके एकदम वाढून तासन् तास चालू शकतात. अशी औषधं मुलांना चालू झाली की पहिल्या काही आठवड्यांत मनःस्थितीकडे जास्त लक्ष हवं. मूल अचानक फार उदास किंवा अस्वस्थ वाटलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

'रात्री लवकर झोपवत नाहीत' हा टोमणाही शिक्षकांकडून येतो. या आजारात रात्रीची झोपही तुटक असते. झोपेची वेळ ठरलेली हवी हे खरं, पण दहा तास झोपूनही ती तिसऱ्या तासाला पेंगेल.

---

खडूफळा (विशेष शिक्षिका):

डुलकीबद्दल सांगते. सोय बहुतेक शाळा करतात आणि महिन्याभरात ती मोडते, कारण आखणी चुकलेली असते.

पहिली चूक म्हणजे झोप आली की झोपवायचं. तोपर्यंत दोन तासांचं नुकसान झालेलं असतं आणि वर्गासमोर शोभाही झालेली असते. डुलकी झोपेच्या आधी यायला हवी. दोन आठवडे प्रत्येक तासाला एक खूण करा: जागी, पेंगत होती, झोपली. वेळ दिसून येते. तिसऱ्या तासाला जात असेल तर डुलकी दुसऱ्या तासाच्या शेवटी. साधारण १५ ते २० मिनिटं. त्याहून लांबली की उठताना जड जातं आणि पुढचा तास बुडतो. दिवसभराच्या शाळेत बहुतेकदा दोन लागतात, एक सकाळच्या मध्यावर आणि एक डबा खाल्ल्यानंतर.

दुसरी चूक, आणि ही सगळ्यात घातक: मधल्या सुट्टीत झोपवणं. शाळेला ते सोयीचं वाटतं कारण तास बुडत नाही. पण मैत्रिणी मिळतात त्या मधल्या सुट्टीतच. डबा वाटून खाणं, लगोरी, नुसतं कट्ट्यावर बसणं, हे सगळं गेलं तर वर्षभरात ती एकटी पडते. वाचनालयाचा तास, कार्यानुभव, अगदी गणिताची शेवटची १५ मिनिटं घेतली तरी चालतील. बुडलेलं गणित भरून काढता येतं.

जागा: आजारी मुलांची खोली असेल तर उत्तम, नसेल तर वाचनालयाचा कोपरा. चटई, पातळ उशी, पडदा. शिक्षकांची खोली नको, तिथे येणारा प्रत्येक जण 'काय झालं हिला?' विचारतो. मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेरचा बाकही नको, तिथे शिक्षा झालेली मुलं बसतात आणि बाकीच्यांना एवढंच दिसतं. उठवणारी व्यक्ती रोज एकच असावी. नावाने हाक, खांद्याला हात, दिवा. उठल्यावर तोंड धुऊन वर्गात जायला पाचेक मिनिटं द्या. लगेच पाढे विचारले तर चुकणारच. दरवेळी 'बाई, झोपायला जाऊ?' विचारायला लावू नका. लाल पट्टीचं एक कार्ड द्या, बाकावर ठेवलं की ती जाणार, प्रश्नोत्तरं नाहीत. डुलकी हे बक्षीस नाही, त्यामुळे शिक्षा म्हणून ती काढूनही घ्यायची नाही. 'आज दंगा केलास, आज झोप नाही' हे वाक्य शाळांमध्ये बोललं जातं.

वर्गात दुसरी रांग, भिंतीच्या कडेला, पण पंख्याच्या गार वाऱ्याखाली पेंगुळणारी जागा नको. पहिल्या रांगेत मान खाली गेली की सगळा वर्ग बघतो, शेवटच्या रांगेत कुणालाच दिसत नाही. उभं राहून लिहायला मागे एखादा उंच स्टूल किंवा खिडकीचा कट्टा. फळा पुसणं, वह्या वाटणं ही कामं तिच्याकडे द्या, हालचालीने जाग राहते. फळ्यावरचं उतरवून घेणं हे तिच्यासाठी सगळ्यात वाईट काम. त्या पानाचा फोटो किंवा झेरॉक्स द्या. मात्र मैत्रिणीची वही रोज मागायला लावली की ती मैत्रीण महिन्यात कंटाळते, म्हणून प्रत बाईंकडून.

गृहपाठ निम्मा करा, विषय न गाळता: दहा गणितांऐवजी पाच. संध्याकाळी पुन्हा एक डुलकी घेऊन मगच अभ्यास, एका बैठकीला २०-२५ मिनिटं. आई रात्री साडेदहापर्यंत गृहपाठ रेटत असेल तर ते थांबवायची लेखी मुभा शाळेनेच द्यावी. आईला स्वतःहून 'राहू दे' म्हणायची हिंमत होत नाही.

शाळा कितीची आहे ते लिहिलं नाहीत. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा आदेश राज्यात २०२४ साली निघाला, पण पाचवी त्यात येत नाही. सातच्या सत्रात असेल तर दुपारचं सत्र मिळतंय का बघा. उठायची वेळ मात्र रविवारीही तीच.

आणि खेळाचा तास बंद करू नका. वजनामुळेही तो लागतो, मनासाठीही. दोरीवर चढणं, उंच पिरॅमिड आणि दहीहंडीचे थर नकोत. पोहताना एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर, आणि ते काठावरून बघणारं नाही, पाण्यात उतरलेलं. बाकी कबड्डी-लंगडी खुशाल.

---

मनकवडा (बाल-मानसतज्ज्ञ):

वरचं सगळं पटलं. वाढदिवसाच्या मुद्द्यावर थांबतो.

वाढदिवसाला जात नाही याचं कारण बहुतेक जण झोप समजतात. तिला स्वतंत्र विचारा, 'जास्त हसू आलं की काय होतं?' हसण्याने पाय जातात हे मुलांना फार लवकर उमगतं, आणि मग ती हसायचंच टाळतात. विनोद चालू झाला की पाणी प्यायला उठतात, कार्टून बंद करतात, चेहरा कोरा ठेवतात. बाहेरून ते उदासीनतेसारखं, कधी घुमेपणासारखं दिसतं. मैत्रिणींना वाटतं हिला आपण आवडत नाही. या आजाराचं सामाजिक नुकसान मला तरी सगळ्यात जास्त इथे दिसतं, झोपेत नाही.

घरातल्यांची पहिली प्रतिक्रिया 'तिला हसवू नका' अशी असते. ते नको. हसण्याआधी आधार घ्यायला शिकवा. खुर्चीत पाठ टेकून बसणं, भिंतीला टेकणं, जमिनीवर मांडी घालणं. झटका यायच्या आधी मान किंवा जबडा जड झाल्याची जाणीव काही मुलांना होते. तिला होते का, हे तिच्याकडूनच शोधून घ्या आणि त्या क्षणी लगेच खाली बसायचं, हे घरी गादीवर सरावाने पक्कं करा. वाढदिवसाला जाताना फ्रॉकइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे निघण्याआधी घेतलेली डुलकी, आणि पूर्ण चार तासांऐवजी दीड तासाची हजेरी. सगळ्यात आनंदाच्या क्षणी, केक कापताना, ती बसलेली असावी. एवढ्याने बरंच निभावतं.

वर्गात आणखी एक प्रकार होतो: 'हिला हसव, बघ कशी पडते.' मुलांना तो खेळ वाटतो. शाळेने तो जिन्यावरून ढकलण्याइतका गंभीर धरावा, आणि तसं स्पष्ट सांगावं. तिला 'दुर्लक्ष कर' असा सल्ला देऊन उपयोग नाही, शरीर दुर्लक्ष करू देत नाही.

वर्गाला सांगायचं की नाही? माझ्या मते हे तिने ठरवायचं. दहा वर्षांच्या मुलीला मत असतं. आधी एक-दोन मैत्रिणी, त्याही तिने निवडलेल्या. त्यांना काम छोटंसं द्या: पडली तर शेजारी बसायचं, एकीने बाईंना सांगायचं. तिची राखणदारी करायला लावू नका. वर्गात सांगायचं ठरलं तर वाक्य तिच्या तोंडी बसेल असं हवं: 'माझ्या मेंदूचं झोपेचं बटण आपोआप दाबलं जातं. मी बेशुद्ध नसते. दोन मिनिटं थांबा.'

रात्रीचं राहिलं. आई उशाशी बसते त्याअर्थी मुलीला बहुतेक भास होत असणार: खोलीत कुणीतरी उभं आहे, छातीवर बसलंय, हाक मारायचीय पण आवाज फुटत नाही. झोप लागताना किंवा उठताना होणारे हे भास आणि झोपेतला लुळेपणा, दोन्ही या आजाराचेच भाग आहेत. अशा मुलांना देवऋष्याकडे नेलं जातं, आणि दुसऱ्या टोकाला सायकोसिसची (वास्तवाचं भान सुटणाऱ्या मनोविकाराची) औषधंही सुरू होतात. मुलीला सांगायचं: 'तुला दिसतं ते खरंच दिसतं, पण ते स्वप्न आहे, लवकर आलेलं.' मंद दिवा, कुशीवर झोपणं, आणि लुळेपणात कुणी हात लावला तर तो बरेचदा सुटतो, म्हणून पालकांच्या खोलीत वेगळी गादी. रात्रभर जागं राहायची गरज नाही. घंटी किंवा बेबी मॉनिटर ठेवून आईने झोपावं. पूर्ण जागेपणी, भरदिवसा, कुणी काही सांगतंय असं ऐकू येत असेल तर मात्र ते डॉक्टरांना वेगळं कळवा.

आजींशी वाद घालू नका. दृष्ट काढण्याने नुकसान होत नाही, गोळी बंद करण्याने होतं. आजींना गोळीच्या वेळेचं काम द्या. एकच अट: 'खाऊन खाऊन झोपते' हे वाक्य घरात बंद. वजनवाढ हा या आजाराच्या सुरुवातीचा नेहमीचा भाग आहे, खादाडपणाचा पुरावा नाही. वजन महिन्यातून एकदा, तेही डॉक्टरांच्या काट्यावर. कमी वयात पाळीची चिन्हं दिसू लागली तर तेही सांगा, काही मुलांत वयात येणं लवकर सुरू होतं.

---

रफवही:

मनकवडा, एका मुद्द्यावर असहमत. पाचवीच्या वर्गात 'दोन मैत्रिणींनाच सांगू' हे आठ दिवस टिकत नाही. मग गुपित म्हणून पसरतं आणि गुपिताला आजारापेक्षा जास्त चव असते. मुलीची तयारी असेल तर बाईंनी झोप या विषयावर सगळ्यांसाठी एक तास घ्यावा: झोप कशासाठी, किती हवी (या वयात ९ ते १२ तास), काहींच्या झोपेत काय बिघडतं. त्यात नार्कोलेप्सी एक मुद्दा म्हणून येईल. तिचं नाव घ्यायचं की नाही ते तिच्यावर. त्या दिवशी ती वर्गात हवी की नको, हेही तिला आधी विचारा.

शिवाय परीक्षा. पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षेत पास व्हावं लागतं. पालक जादा वेळ मागतात, पण दोन तासांचा पेपर पावणेतीन तासांचा झाला तर तिला उलट जास्त वेळ जागं राहावं लागतं. मागायची ती विश्रांती. पेपरचे दोन भाग, मध्ये घड्याळ थांबवून २० मिनिटांची डुलकी, वेगळी खोली, पर्यवेक्षकाला उठवायची परवानगी. शाळेच्या परीक्षेत मुख्याध्यापक हे ठरवू शकतात. डॉक्टरांच्या पत्रात नुसतं 'नार्कोलेप्सी आहे' असं नको. 'ठरावीक वेळी १५-२० मिनिटं झोप आवश्यक, औषधाचा परिणाम अमुक वेळेपर्यंत' असं लिहून घ्या.

दहावीला मंडळाची परवानगी लागेल, ती शाळेमार्फत आणि वर्षाच्या सुरुवातीलाच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत नार्कोलेप्सीचं नाव नाही. मज्जासंस्थेचे जुनाट आजार हा प्रकार आहे, पण तिथे उदाहरणं मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन्सची आहेत. त्यामुळे प्रमाणपत्र मिळेलच असं धरून चालू नका. कागद मात्र आतापासून एका फाइलमध्ये: स्लीप स्टडी, एमएसएलटीचा अहवाल, प्रत्येक वर्षीचं डॉक्टरांचं पत्र, शाळेने दिलेल्या सवलतींची नोंद.

---

शाळासोबती:

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. वही बघितली, अगदी तशीच पानं आहेत. शाळा सातचीच आहे, सत्र बदलायचं बोलते. एक अडलंय. वडील भेटीला आले की हात बांधून बसतात. 'लाडाने बिघडली' एवढंच म्हणतात. आई रडते. दोघांना एकत्र बसवलं की तासभर एकमेकांना दोष देण्यात जातो. आणि स्कूल व्हॅनमध्ये काय काळजी घ्यायची?

---

मनकवडा:

पहिल्या भेटीत दोघांना एकत्र बसवूच नका. वडिलांना स्वतंत्र बोलवा आणि एमएसएलटीचा कागद त्यांच्यासमोर ठेवा. दिवसभरात दोन-दोन तासांच्या अंतराने पाच वेळा झोपायची संधी देतात आणि झोप लागायला किती मिनिटं लागली ते मोजतात. सरासरी ८ मिनिटं किंवा कमी, आणि त्यात किमान दोनदा थेट रेम झोप, असा निकष आहे. तिचे आकडे त्यांना स्वतः वाचू द्या. शिस्तीने मुलाला रेम झोपेत लवकर जाता येत नाही. शिस्तीवर विश्वास असलेल्या वडिलांना आकडा पटतो असं बरेचदा दिसतं. मग त्यांच्या शिस्तीला काम द्या: उठायची वेळ, गोळीची वेळ आणि संध्याकाळची डुलकी घड्याळ लावून सांभाळणं त्यांच्याकडे. रागावण्यामागे निदानापूर्वी दिलेल्या मारामुळे आलेली अपराधी भावना असू शकते. ती त्यांनी बोलून दाखवली तर घाईने 'जाऊ द्या हो' म्हणून झाकू नका. मुलीला 'आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं' एवढं वडिलांनी एकदा सांगितलं तरी तिच्या अंगावरचं खोटारडेपणाचं ओझं उतरतं.

आईच्या मनात 'माझ्यामुळे झालं' हे असतंच. जनुकीय कल असतो, पण त्यामागचा एचएलए (प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुक) प्रकार कितीतरी निरोगी लोकांतही सापडतो. आजार असलेल्याच्या सख्ख्या नातेवाइकांना तो होण्याचा धोका एक-दोन टक्के, म्हणजे धाकट्या भावंडाची रोज तपासणी करत बसायची गरज नाही. लसीचा प्रश्न निघाला तर: २००९-१० मध्ये युरोपात, मुख्यतः फिनलंड आणि स्वीडनमध्ये, पॅन्डेमरिक्स या स्वाइन फ्लूच्या एका विशिष्ट लसीनंतर मुलांत रुग्ण वाढले होते. आपल्याकडच्या नेहमीच्या लसींशी त्याचा संबंध नाही.

दोघांची एकत्र भेट तिसऱ्या वेळी ठेवा, विषय एकच: आठवड्यातल्या रात्री आणि सकाळी कोण काय बघणार. नवराबायकोचं भांडण बहुतेक अपुऱ्या झोपेचं असतं. आईला आठवड्यातून किमान दोन रात्री दुसऱ्या खोलीत सलग झोपू द्या, हे औषधासारखं लिहून द्या. भाऊ किंवा बहीण असेल तर त्याच्यासाठीही आठवड्यात एक तास राखीव. आईची भूक, झोप आणि रडू दोन आठवड्यांत सुधारलं नाही तर तिच्यासाठी वेगळा तज्ज्ञ. टेलिमानस १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. मुलगी 'मी नसते तर बरं झालं असतं' असं काही म्हणाली तर त्याच दिवशी पालकांना आणि डॉक्टरांना कळवायचं.

---

खडूफळा:

व्हॅनचं: ड्रायव्हरकाका आणि सोबतच्या मावशी, दोघांनाही माहीत हवं. दाराजवळची सीट नको. मधली, पट्टा लावून. ती झोपणारच, झोपू द्या. घराच्या एक थांबा आधी मावशींनी उठवायचं, कारण उठल्या उठल्या उतरताना पाय लटपटतात. उतरवताना हात धरून, आणि घरचं माणूस गेटवर असल्याशिवाय सोडायचं नाही. गाडी रिकामी झाली की शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन बघायचं. ही नोंद रोज सहीसह ठेवायला लावा. बदली ड्रायव्हर येतो त्या दिवशी सगळं बिघडतं, म्हणून या चार ओळी लॅमिनेट करून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. तिचं नाव बाहेरून दिसणार नाही अशा बाजूने.